पाहिजे: गाडी विकून बसलेला मालक

स्पोर्ट बाईक घ्यायची तर आधी मालकांचे अनुभव विचारा, असं हल्ली जो तो सांगतो. कोणत्या मालकाचे, हे मात्र कोणी सांगत नाही. गाडी घेऊन तीन महिने झालेला मालक तुमच्याशी बोलतच नसतो; तो स्वतःच्या हप्त्याची समजूत काढत असतो. चार-साडेचार लाख मोजून झालेत, पुढची तीन वर्षं बँक दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात हात घालणार आहे, आणि 'एवढ्यात सेकंडहँड चारचाकी आली असती' हे वाक्य घरात रोज रात्री वरणभातासोबत वाढलं जातंय. अशा माणसाने 'गाडी ठीक आहे' म्हणावं, अशी आपली अपेक्षा! तो म्हणतो, 'भावा, डोळे झाकून घे.' डोळे झाकून चालव म्हणत नाही, हेच उपकार.

आमच्या सोसायटीतल्या आयटीवाल्या मुलाने या कामासाठी रीतसर एक्सेल शीट केली. वरच्या ओळीत चार गाड्या: केटीएमची आरसी ३९०, टीव्हीएसची अपाचे आरआर ३१०, यामाहाची आर ३ आणि अप्रिलियाची आरएस ४५७. खाली प्रश्न. पंपावर, सिग्नलला, लिफ्टमध्ये, जिथे मालक सापडेल तिथे त्याला गाठायचं आणि विचारायचं. महिन्याभराने निकाल लागला. चारही गाड्यांना दहापैकी नऊ. उरलेला एक गुण सगळ्यांनी एकाच कारणासाठी कापला होता: गाडीच्या मानाने आपले रस्ते बरोबर नाहीत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे ठाऊक होतं. पण बाब्या नापास झाला तर शाळेची इमारत वाईट, ही त्यातली नवी भर.

खरं तर या चौघींची कुळं काढली तरी गंमत येते. आरसी ३९० ऑस्ट्रियाची म्हणवते, जन्म चाकणचा. २०२४ च्या अखेरीस तिकडे ऑस्ट्रियात केटीएम दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली आणि तारायला पैसा गेला तो आकुर्डीच्या बजाजचा. म्हणजे माहेरच सासरच्या जिवावर उभं. आरएस ४५७ अस्सल इटालियन. २०२३ च्या डिसेंबरात गोव्याच्या बाइक वीकमध्ये ४ लाख १० हजारांना जाहीर झाली, आणि तयार होते बारामतीत. आता बारामतीहून निघालेलं काहीही ऐन वळणावर कोणती लेन पकडेल ते सांगता येत नाही, पण मालक म्हणतात हिचं हँडलिंग फार विश्वासू आहे. असेल बुवा.

अपाचे आरआर ३१० ची गोष्ट याहून सरस. टीव्हीएसने बीएमडब्ल्यूच्या साथीने केलेलं ३१२ सीसीचं इंजिन, मागे कललेलं, हवा पुढून घेऊन धूर मागून सोडणारं. २०१७ च्या डिसेंबरात गाडी आली. मग २०२२ मध्ये त्याच होसूरच्या कारखान्यातून, तेच इंजिन आणि जवळपास तीच हाडं घेऊन बीएमडब्ल्यूची जी ३१० आरआर आली, वीसेक हजारांनी महाग. या दोन मालकांना समोरासमोर बसवावं आणि आपण शांतपणे चहा घ्यावा. एक सांगतो, जर्मन गाडीचा फीलच वेगळा. दुसरा सांगतो, अरे, माझ्या गाडीला जास्त फीचर आहेत. दोघांच्या इंजिनाला हा वाद ऐकू आला असता तर ते मागे कललेलं आहेच, आणखी थोडं कललं असतं.

असो. 'मालकाचा अनुभव' हवामानाइतका बदलता असतो याचा पुरावा आर ३ ने दिला. २०२३ च्या डिसेंबरात ही गाडी बाहेरून तयार होऊन आली तेव्हा किंमत ४ लाख ६५ हजार. २०२५ च्या सुरुवातीला ती एका फटक्यात १ लाख १० हजारांनी उतरली. आधी घेतलेल्यांना त्या आठवड्यात कोणी अनुभव विचारला असता तर जोड सिलिंडरचा गुळगुळीतपणा एकालाही आठवला नसता. इंजिन तेच, टायर तेच. पण सव्वा वर्षापूर्वी दिलेल्या 'पैसे वसूल' या शेऱ्याचं काय करायचं?

मग सरकारने आपला अनुभव सांगितला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलला १८ टक्के जीएसटी आणि त्यापेक्षा मोठीला ४० टक्के. आर ३ आणि आरआर ३१० रेषेच्या अलीकडे, आरसी ३९० आणि आरएस ४५७ पलीकडे. आरसीचं इंजिन ३७३ सीसीचं. म्हणजे २३ सीसी जास्त झाले. खोकल्याच्या औषधाच्या चमच्याने मोजले तर साडेचार चमचे. साडेचार चमच्यांना २२ टक्के! मालकांचे अनुभव विचारत महिना घालवलेल्या त्या मुलाची शीट सरकारने एका सकाळी सॉर्ट करून दिली.

आता 'पॉवर' या विषयाकडे वळू, कारण सगळे मालक दुसऱ्याच वाक्याला तिकडे वळतात. या चौघींमध्ये ताकद ३८ पासून साडेसत्तेचाळीस पीएसपर्यंत. त्यावरच्या इयत्तेत कावासाकीची झेडएक्स-४आर, चार सिलिंडर आणि ३९९ सीसी, जिच्या चिरक्या आवाजासाठी लोकांनी २०२३ मध्ये साडेआठ लाख मोजले. त्याच्याही वर हजार सीसीचं मंडळ: झेडएक्स-१०आर, एस १०००आरआर, पानिगाले व्ही४. दोनशेच्या आसपास घोडे, आणि पहिल्याच गिअरमध्ये शंभराच्या पलीकडे जाणाऱ्या. त्यांचे मालक 'टॉप एंड' या विषयावर अर्धा तास बोलू शकतात. मला एवढंच विचारायचं असतं की हा टॉप एंड त्यांना भेटला कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धी महामार्गावर बंदी. अटल सेतूवर बंदी, सी लिंकवर बंदी. उरलेल्या चौपदरी हायवेवर दुचाकीची कमाल मर्यादा ८०. राज्यात जेवढं म्हणून गुळगुळीत डांबर आणि काँक्रीट आहे तेवढं या मंडळींना पाहता येतं, पण गाडीच्या काचेतून. ट्रॅकवर जायचं म्हणाल तर चेन्नई, कोइमतूर किंवा ग्रेटर नोएडा; बाईक टेम्पोत आणि मालक विमानात. म्हणजे ताशी दोनशे ऐंशीच्या गाडीचा मालकाला आलेला अनुभव हा पहाटे साडेपाचला जुन्या हायवेवर, दोन गतिरोधकांच्या मधल्या नऊ सेकंदांचा असतो. त्यातले चार सेकंद तो आरशात पोलीस पाहत असतो. आरशात पोलीस दिसत नाही, स्वतःचं कोपर दिसतं, हे अलाहिदा.

याहून मोठी गोम बसण्यात आहे. हँडल खाली, पाय मागे, छाती टाकीवर. अशी बैठक वेगासाठी केलेली असते. वेग वाढला की समोरची हवा छातीखाली हात घालून अंग उचलून धरते आणि मनगटांवरचा भार उतरतो. ८० च्या आत हवेला एवढं बळ नसतं. म्हणजे कायदा पाळला की मनगटं दुखणार आणि मनगटं वाचवली की पावती फाटणार. ही निवड चारही गाड्यांच्या मालकांना करावी लागते. एकानेही ती शीटमध्ये लिहिली नव्हती.

त्यासाठी रविवारी सकाळी मुळशीच्या रस्त्यावर जावं. चांदणी चौकातून निघून ताम्हिणीकडे गेलेले आठ-दहा जण परतताना एका टपरीवर थांबतात. उतरल्याबरोबर हेल्मेट काढत नाहीत, आधी हातमोजे काढतात. मग बोटं उघडमीट करतात, मनगट झटकतात, एक जण दोन्ही हात कमरेवर ठेवून आभाळाकडे बघतो, जणू पावसाचा अंदाज घेतोय. ज्याने पूर्ण चामड्याचा सूट घातलाय त्याला खुर्चीत बसता येत नाही. तो उभ्यानेच वडापाव खातो. सुटाच्या गुडघ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या असतात, वळणावर गुडघा रस्त्याला घासावा म्हणून. त्या कोऱ्या करकरीत. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच असावं. गाड्या बंद केल्यावरही रेडिएटरचे पंखे घरघरत असतात, आणि टपरीखाली झोपलेलं कुत्रं एक डोळा उघडून उठतं, चार पावलं लांब जाऊन पुन्हा पडतं. गाडी गरम होते का, हा प्रश्न त्यानंतर मालकाला विचारण्याचं कारण उरत नाही.

तरी विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'सवय होते.' अवघड जागेचं दुखणं, बोलणार कुणापाशी? आत दर मिनिटाला हजारो स्फोट पचवणारं इंजिन आहे, त्याला थंड ठेवायला वारा लागतो, आणि एप्रिलमध्ये स्वारगेटच्या सिग्नलला वारा नसतो. मग पंखा रेडिएटरमधली ऊब उचलून मांड्यांच्या स्वाधीन करतो. पानिगाले व्ही४ च्या इटालियन अभियंत्यांनी तर गाडी उभी असताना मागचे दोन सिलिंडर आपोआप बंद पडावेत अशी सोय केली आहे. बऱ्याच पैशांना चार सिलिंडर घ्यायचे आणि सिग्नलला त्यातले दोन निजवायचे. श्रीमंती म्हणतात ती ही!

मागच्या सीटवरच्या माणसाची साक्ष कोणीच काढत नाही. ती सीट साधारण शाळेच्या वहीएवढी, उंचीला घराच्या माळ्याएवढी, आणि धरायला समोरच्या माणसाशिवाय काही नाही. टपरीवर त्या दिवशी एक बाई होत्या. नवऱ्याचं 'राइड क्वालिटी'वरचं व्याख्यान चालू असताना त्यांनी टपरीवाल्याला हळूच विचारलं, 'पुण्याकडे एसटी किती वाजता आहे?' चार गाड्यांचे नऊ-नऊ गुण एका पारड्यात घाला, हा प्रश्न दुसऱ्यात.

खोटं न बोलणारा दुसरा साक्षीदार म्हणजे ओडोमीटर. जुन्या स्पोर्ट बाईकच्या जाहिराती वाचायची मला सवय आहे. करमणूक म्हणून त्या दिवाळी अंकातल्या विनोदी कथांपेक्षा बऱ्या. '२०१९ मॉडेल, फर्स्ट ओनर, फक्त ७,४०० किमी, नव्यासारखी, मनातून विकायची नाही.' सहा वर्षांत ७,४०० म्हणजे महिन्याला शंभरेक किलोमीटर. घरी जेवण पोचवणारा मुलगा एवढं एका दिवसात करतो. याच मालकाने सहा वर्षं जगाला सांगितलं असणार की ही गाडी रोज वापरायला एकदम प्रॅक्टिकल आहे. कारण काय तर 'वेळ मिळत नाही'. वेळ मिळत नाही म्हणून कोणी स्कूटर विकल्याचं ऐकलंय? खाली यादी असते: जादा सायलेन्सर, क्रॅश गार्ड, कव्हर, दोन चाव्या, टँक पॅड. त्यातला जादा सायलेन्सर म्हणजे मूळचा, कंपनीचा. गाडीला लावलेला वेगळाच, ज्याच्या भाऊबंदांना शहरोशहरीचे पोलीस रांगेत मांडून रोडरोलरखाली घेतात.

या हिशेबात एक दिलासाही दडलेला आहे. पानिगाले व्ही४ चे व्हॉल्व्ह तपासण्याची मोठी सर्व्हिस २४,००० किलोमीटरला येते आणि तिच्या खर्चाच्या नुसत्या कल्पनेने माणसं बिचकतात. महिन्याला शंभर किलोमीटरच्या चालीने ती वीस वर्षांनी येईल. तोवर पोराचं शिक्षण उरकलेलं असेल.

हायाबुसावाल्यांचा वेगळा परिच्छेद करायला हवा, कारण त्यांना 'बाईक' म्हटलेलं आवडत नाही. १९९९ मध्ये आली ती १२९९ सीसीची होती, ताशी तीनशेच्या पलीकडे पोचली, आणि जगभरच्या कंपन्यांनी घाबरून आपसात ठरवलं की आकडा २९९ वर थांबवू. आपल्याकडे २००४ च्या 'धूम'मधून एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात ती शिरली. आता १३४० सीसी, वजन अडीचशे किलोंच्या वर. मालकाला इंजिनाबद्दल काही विचारू नका. त्याने ती उतारावर तोंड करून, भिंतीला नाक लावून पार्क केली असेल तेव्हा लांब उभे राहा. रिव्हर्स गिअर नाही. अडीचशे किलो, चढाच्या दिशेने, टाचा रोवून, इंच-इंच मागे. त्या तीन मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावरून जे जातं ते कोणत्याच मासिकाच्या रोड टेस्टमध्ये छापून येत नाही. धावून गेलात तर मात्र तो हसून म्हणेल, 'अरे, हलकी आहे!'

मेकॅनिककडे जावं का? जावं, पण गिऱ्हाईक म्हणून नव्हे, चहा प्यायला. आमच्या ओळखीच्या गॅरेजात परवा एक फेअरिंगवाली गाडी खोलायला घेतली होती. एअर फिल्टर पाहायचा, एवढंच काम. आधी बाजूची प्लास्टिकं निघाली, मग सीट, मग टाकीचे बोल्ट. प्रत्येक पॅनेलचे स्क्रू वेगळ्या लांबीचे. मेकॅनिकने ते श्रीखंडाच्या डब्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेवले होते आणि झाकणांवर मार्करने 'डावं वर', 'डावं खाली' असं लिहिलं होतं. एक प्लास्टिकची खुंटी तुटली. तिची किंमत किरकोळ, पण ती सुटी मिळत नाही, पूर्ण पॅनेल मागवावं लागतं. 'पॅनेल कधी येईल?' 'येईल की.' मालक बाजूला उभा राहून कोणाला तरी फोनवर सांगत होता की मेंटेनन्स काहीच नाही.

तेव्हा त्या मुलाला मी सल्ला दिला की ही शीट बाजूला ठेव आणि गाडी विकून सहा महिने झालेला मालक शोध. त्याचा हप्ता संपलेला असतो, त्याला रविवारच्या ग्रुपमध्ये तोंड दाखवायचं नसतं, आणि गाडीची किंमत टिकून राहावी म्हणून तिची तारीफही करायची नसते. त्याला 'कशी होती?' असं विचारू नकोस. मागचा टायर किती किलोमीटरला संपला आणि नवा कितीला पडला, ते विचार. पडल्यावर फेअरिंग किती आठवड्यांनी आलं? पावसाळ्यात शेवटची कधी काढली होती? बायको किती वेळा मागे बसली आणि दुसऱ्यांदा का नाही?

पोरगं चिकाटीचं. असे तिघे शोधून काढले त्याने. पहिल्या दोघांची साक्ष ऐन वेळी बाद झाली, कारण दोघांनी छोटी विकून मोठी घेतली होती. म्हणजे ते पुन्हा मालकच. तिसरा खरा विकून बसलेला, हडपसरला राहणारा, हल्ली स्कूटरवर फिरणारा. तो दीड तास बोलला. एका पिस्टनची गाडी हलकी आणि वळणाला चपळ, पण वर आवळली की पेग, हँडल, आरसे, सगळं थरथरतं. दोन पिस्टनची शांत. आर ३ आणि आरएस ४५७ दोन्हींत दोन सिलिंडर, पण क्रँक वेगवेगळ्या कोनात घडवलेला म्हणून एक गुंजारव करते आणि दुसरी गुरगुरते. कोणती बरी हे कानाने ठरवायचं, कागदाने नाही. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर उघडला की पोटात जे होतं ते खरं असतं, त्यात काही खोटं नाही. ते महिन्यातून एकदा होतं. बाकीचे एकोणतीस दिवस तू आणि क्लच. 'आणि गाडीत दोष नव्हता,' तो म्हणाला. 'माझ्या पाठीत होता. तो गाडीनेच दाखवून दिला.'

मुलाने सगळं टिपून घेतलं. दुसऱ्या शनिवारी टोकनही भरलं. कोणत्या गाडीचं, ते सांगून मी उरलेल्या तीन कंपन्यांच्या मालकांशी वाकडं घेणार नाही. निकष मात्र सांगतो. शोरूममध्ये उभी होती ती दिसायला भारी होती.

शीट त्याला आता नको होती, म्हणून मला पाठवून दिली. वाचताना शेवटच्या ओळीशी अडलो. प्रश्न होता: चेनला तेल किती दिवसांनी देता? पाचशे-सहाशे किलोमीटरला द्यायचं असतं, दहा मिनिटांचं काम. पॉवर, टॉर्क, क्विकशिफ्टर, इलेक्ट्रॉनिक्स यांवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिणाऱ्या मालकांपैकी बहुतेकांनी तिथे एकच लिहिलंय: 'शोरूमवाले बघतात.'